हैदराबादच्या न झालेल्या दोन दिवसांबाबत

तक्रारदार: मधुकर, वय पन्नाशीच्या आसपास, धंदा अर्जलेखन, बसण्याचे ठिकाण पांढरकवड्याच्या कचेरीसमोरील कडुनिंब, राहणार केळापूर.

जिच्या वतीने तक्रार केली ती: सुमन, तक्रारदाराची पत्नी व घरातील थोरली सून, माहेर मुकुटबनकडचे.

गैरअर्जदार: प्रल्हाद, तक्रारदाराचा सख्खा धाकटा भाऊ, एकाच घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात राहणार, दिगांबर, सुमनचा मावसभाऊ, हल्ली मुक्काम हैदराबाद, आणि अनसूयाकाकू, शेजारीण, भिंतीला भिंत लागून.

घटनेची तारीख: गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर कापसाच्या पहिल्या वेचणीचा शनिवार व त्याला लागून आलेला रविवार.

साक्षीदार: वेचणीच्या बायांची म्होरकी शेवंताबाई. दुसरा साक्षीदार, आमच्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दिसणारा हैदराबादचा महामार्ग, जो सदर दोन्ही दिवशी वाहतुकीस खुला होता.

तक्रारीस कारण असे घडले की, आज सकाळी मी कचेरीकडे निघालो असता रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागलेला दिसला. ज्यांना आमचा मुलूख ठाऊक नाही त्यांच्यासाठी खुलासा करतो. बाभळीला कापूस येत नाही. सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्या तुडुंब भरलेल्या असतात, त्यांच्या बाजूंनी कापूस बाहेर फुगलेला असतो, आणि रस्त्यावर वाकलेल्या काट्यांना त्यातला पुंजका पुंजका अडकत जातो. दिवाळी सरली, सकाळच्या हवेला धार आली, तुरीला पिवळा फुलोरा धरला की एके दिवशी या बाभळी अशा पांढऱ्या होतात. मग महिना-दोन महिने जिकडेतिकडे कापूसच. नालीत कापूस, चहाच्या कपात तंतू, बायकांच्या केसांत पांढरे कण, माझ्या कागदांवर पांढरी लव. लोक या दृश्याला सुंदर म्हणतात. मीही म्हणत असे. एका शाळेच्या समारंभात या विषयावर माझे दोन शब्दही झालेले आहेत. परंतु आज ती बाभूळ पाहून माझ्या कपाळावरची शीर उठली. गाडी बाजूला लावून मी काही वेळ तिथेच उभा राहिलो आणि ठरवले की आज पहिला कागद कोणा पक्षकाराचा नाही, माझ्या घरचा.

माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. हे मी लपवत नाही, कारण नववीनंतर जे शिकायचे ते मी त्या कडुनिंबाखाली शिकलो. ज्याला सायब खुर्चीवरून मान वर करून पाहत नाही त्या माणसाचे म्हणणे सायबाने वाचावे असे लिहिणे, हे माझे काम. कोणाच्या सातबारावर नाव चुकले, कोणाच्या पऱ्हाटीत, म्हणजे उभ्या कपाशीत, रानडुकरे शिरली, कोणाचा रस्ता शेजाऱ्याने नांगरून टाकला, सगळे माझ्याकडे येतात. मजकूर कसा बांधावा, कुठे नम्र व्हावे आणि कुठे कायद्याचे बोट दाखवावे, हे मला कळते. इतकी वर्षे दुसऱ्यांच्या अन्यायाला वाचा फोडणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या ओसरीत एक अन्याय वर्षभर बसून आहे, आणि त्याची दखल घेण्यास कोणी तयार नाही.

आता तपशील.

सुमन लग्न होऊन आली तेव्हापासून हा महामार्ग तिच्या उशाशी आहे. नागपूरकडून येणारी गाडी आणि हैदराबादकडून येणारी गाडी ती आवाजावरून ओळखते, असे तिचे म्हणणे आहे. मी ते तपासलेले नाही. आमच्या अंगणातून गाड्यांच्या पाट्या वाचता येत नसत, पण बसथांब्यावर उभे राहिले की हैदराबाद हे नाव मराठीत, इंग्रजीत आणि त्या गोलगोल तेलुगू अक्षरांत समोरून जात राही. त्या रस्त्याने ती आदिलाबादपर्यंत गेली आहे, दवाखान्याच्या निमित्ताने. पैनगंगेच्या पुलावरून पुढे कापूस तसाच, माती तशीच काळी, फक्त पाट्या बदलतात, असे परत येऊन तिने सांगितले होते. त्यापुढे ती गेली नाही. माहेर, सासर, दवाखाना आणि लग्नघरे, एवढ्याच ठिकाणी तिने आयुष्यातल्या सगळ्या रात्री काढल्या.

गेल्या वर्षी दिवाळीची साफसफाई चालली होती. ओसरी रिकामी करायची, कारण थोड्याच दिवसांत तिथे आढ्यापर्यंत कापूस भरायचा. ती खांबाला टेकून बसली आणि हातातले फडके न सोडता म्हणाली, "दोन दिवस कुठंतरी जाऊ काय जी?"

"कुठे?"

"हैदराबादले."

"तिथे काय पाहायचे आहे तुला?"

"काही नाही पाहाचं."

मला हे उत्तर अपुरे वाटले. मी खुलासा मागितला. ती हसली, फडके झटकले आणि म्हणाली, "एक दिवस सकाळी उठाचं नाही. आपन झोपून राहाचं आन कोनतरी चहा आनून देते. लॉजमंदी देतात म्हन्ते."

एवढीच मागणी. मी पुन्हा नमूद करतो की मागणी एवढीच होती. दागिना नाही, माडी नाही, कोणाच्या हिश्शातली जमीन नाही. एक सकाळ, आणि ती ओळखीचे कोणी नसलेल्या गावात.

मी त्याच आठवड्यात कार्यक्रम आखला. एखादी गोष्ट मी हाती घेतली की ती पद्धतशीर होते. शनिवारी पहाटे निघणे, दुपारी पोहोचणे, चारमिनार, त्यालगतचा बाजार, दुसऱ्या दिवशी तलाव, वस्तुसंग्रहालय, प्राणिसंग्रहालय, वेळ उरल्यास गोवळकोंडा, आणि परतीचा प्रवास. मी तो मोठ्याने वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि विचारले, "यात झोपाचं कवा हाय?"

मी गोवळकोंडा काढून टाकला. तिने माझ्याकडे नुसते पाहिले. मग प्राणिसंग्रहालयही काढले. वाघ पाहायला हैदराबादला जाण्याची आम्हाला तशीही गरज नाही.

ते पंधरा-वीस दिवस घरात वेगळी हवा होती. मी ती आठवतो तेव्हा मला वेगवेगळे वास येतात: पोतेऱ्याच्या ओल्या मातीचा, जुन्या पेटीतून काढलेल्या पिशवीचा, कढईतल्या शंकरपाळ्यांचा. सुमन काम करताना गुणगुणू लागली होती. तिने एक साडी घेतली, पिकल्या जांभळाच्या रंगाची, आणि ती घडी न मोडता फळीवर ठेवली. येता-जाता ती त्या फळीकडे बघे. माणसाला जाण्यापेक्षा जाणार असण्याचे सुख मोठे असते की काय, असा विचार मला तेव्हा सुचला होता आणि तो मी चांगला विचार म्हणून लक्षात ठेवला होता. आज तो मला निर्लज्ज वाटतो. ज्याचे जाणे होते त्याने असले विचार करावेत.

इथून पुढे गैरअर्जदारांची कृत्ये सुरू होतात.

आमच्याकडे बाहेरगावी जाणे ही नवरा-बायकोची खासगी बाब नाही. न सांगता गेलात तर चोरून गेलात असा अर्थ होतो. त्यातही ज्या शहरात आपला माणूस आहे तिथे लॉजवर उतरणे म्हणजे त्या माणसाच्या तोंडावर दार लावणे. सुमनने रीत म्हणून दिगांबरला फोन केला. दिगांबर तिथे इमारतींच्या कामावर देखरेख करतो, माणूस मनाने वाईट नाही. सुमनला सख्खा भाऊ नसल्याने दर भाऊबीजेला तो मुद्दाम येतो, हे त्याच्या बाजूने मी स्वतःहून नोंदवतो.

"काय वं सुमन," फोनमधून त्याचा आवाज सगळ्या ओसरीत पसरला, "लॉजवर उतरतं म्हन्ते? मी काय मेलो काय?"

"नाही रे दादा. यायनं तसं ठरवलं."

"दे बरं त्याह्यले. भाऊजी, लॉजचं नाव काढू नका. इथले आपले लोकं माह्या तोंडात शेन घालतीन."

मी त्याला समजावू लागलो, की सदर प्रवासाचा हेतू विश्रांती हा आहे. तो म्हणाला, "मंग घर काय कमी हाय आरामाले? आन सुमन, येतानी ज्वारीचं पीठ आनजो. इथं तसं भेटत नाही. तुह्या वहिनीचे गुडघे लय दुखून राह्यले. तू आली का तुह्या हातच्या भाकरी होतीन, तिले दोन दिवस आराम."

तिले आराम. हे शब्द मी जसेच्या तसे दिले आहेत. जी विश्रांती सुमनने आयुष्यात एकदा मागितली, ती तिच्या डोळ्यांदेखत दुसरीच्या नावावर चढली, आणि चढवणाऱ्याला त्यात काही वावगे दिसले नाही. फोन ठेवल्यावर सुमन उठली आणि ज्वारीचा डबा उघडून आत पाहू लागली.

दुसऱ्या दिवशी अनसूयाकाकू भिंतीवरून डोकावली. "हैदराबादले चालल्या म्हन्ते? लाखेच्या बांगड्या आनजो बाई माह्यासाठी. तिथल्या लय चमकतात." तिने हातातली एक बांगडी काढून माप म्हणून भिंतीवर ठेवली. मग जरा थांबून, आमच्या दोघांकडे न पाहता, "मले कोन नेते बाप्पा हैदराबादले. मी आपली इथंच बरी." काकू खाली उतरली, पण तो उसासा भिंतीवर बांगडीशेजारी बसून राहिला.

"काकूलेबी संगं घेऊ काय?" सुमनने मला विचारले.

"मग प्रल्हादच्या बायकोलाही घे. पूर्ण गाडी करू. वाजंत्री सांगतो."

"चिडता कायले? इचारलं फक्त."

मी चिडलो नव्हतो. मी हक्काच्या भाषेत बोलत होतो.

आणि मग शुक्रवारची संध्याकाळ. पिशवी भरून बाजेवर ठेवलेली, वर ज्वारीच्या पिठाची पुरचुंडी. प्रल्हाद शेतातून आला, पाय धुतले, आणि ओसरीच्या पायरीवर बसून म्हणाला, "वहिनी, उद्या बाया येऊन राह्यल्या वेचाले. सीतादही उद्याच करून घ्या लागन."

सीतादही म्हणजे काय ते शहरी वाचकांना सांगणे भाग आहे. कापसाला वेचणीचा पहिला हात लावण्याआधी घरची बाई शेतात जाते. शेतातलेच दगड धुऊन मांडते, त्यांना हळदकुंकू लावते, फुटलेल्या बोंडातून कापूस ओढून त्यांच्यावर ठेवते आणि दहीभात शेताच्या चारी बाजूंना शिंपडते. मग ती पहिले बोंड वेचते, आणि त्यानंतरच बाकीच्यांनी वेचायचे. आमच्या घरी हा मान थोरलीचा. आई होती तेव्हा आई, तिच्यानंतर सुमन.

"उद्या आम्ही हैदराबादला जात आहोत," मी म्हणालो. "ही बाब तुला अवगत आहे."

"अवगत हाय ना दादा. पन कापूस थांबते काय? बाया गावल्या तवा वेचून घ्या लागते. मंग नाही भेटत."

"सीतादही वंदना करेल." वंदना म्हणजे प्रल्हादची बायको.

"थोरलीचा हात लागल्याबिगर कसं होईन? तूच सांग. आईनं कधी केलं असं?"

मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो. माझ्याजवळ तीन मुद्दे तयार होते आणि चौथा होत होता. तेवढ्यात सुमन उठली. "दही लावा लागन," एवढेच बोलली आणि दुधाला विरजण घालायला आत गेली. माझे मुद्दे माझ्याजवळच राहिले.

शनिवारची सकाळ मला फार स्पष्ट आठवते. दहिवराने पऱ्हाटीची पाने ओली होती, आणि ओला कापूस बोंडातून लोंबत होता, जसा कोणी रडून नाक पुसलेला रुमाल. जांभळी साडी तिने सीतादहीलाच नेसली. देवाचे काम आहे, नवीन नेसलेली बरी, असे म्हणाली. वाळलेल्या बोंडाचे टोक सुईसारखे असते. त्या टोकांनी साडीचा धागा जागोजागी ओढला गेला आणि पदराला कापसाचे तंतू चिकटले. तिने दगड मांडले, हळद लावली, दहीभात उधळला. तिचे तोंड पूजेच्या वेळी जसे असावे तसे शांत होते. मी धुऱ्यावर उभा राहून त्या शांततेविरुद्ध दाद कुठे मागावी याचा विचार करत होतो.

वेचणीच्या बाया मोठमोठ्याने बोलत वेचतात. जंगल लांब नाही, वाघाला माणसाची चाहूल लागलेली बरी. कमरेला बांधलेल्या फडक्याच्या झोळ्या हळूहळू फुगत होत्या. शेवंताबाई सुमनच्या शेजारच्या तासात, म्हणजे ओळीत, होती.

"मालकीनबाई, तुमी तं हैदराबादले चालल्या होत्या म्हन्ते?"

"होती बाई."

"मंग?"

"मंग काय. तुमी आजच भेटत होत्या म्हन्ते."

शेवंताबाईचे हात थांबले. "आमी? आमाले कोनं इचारलं? प्रल्हादभाऊ म्हन्ले शनवारी या, आलो. सोमवारी या म्हन्लं असतं तं सोमवारी आलो असतो. कापूस काय पळून राह्यला?"

"वाघ नेते म्हना कापूस," पलीकडून कोणीतरी म्हणाली.

"वाघ कायले नेते? त्याले काय गादी भराची हाय?"

सगळ्या हसल्या. सुमनही हसली. खालून वर, पोटातून आलेले ते खरे हसणे होते, आणि तेच मला सहन झाले नाही. मी धुऱ्याच्या टोकाला प्रल्हादला गाठले.

"तू बायांना सोमवारचे का विचारले नाहीस?"

तो गोंधळला. त्याला प्रश्नच कळला नाही असे त्याचे तोंड झाले. "वहिनी नाही म्हन्ली काय? नाही म्हन्ली असती तं इचारलं असतं."

वाचकहो, या वाक्यावर मी वर्षभर विचार केला आहे. कचेरीच्या कामात एखाद्याचे मौन ही संमती धरायची असेल तर आधी नोटीस द्यावी लागते, मुदत द्यावी लागते, ती नोटीस त्या माणसाला समजेल अशा भाषेत असावी लागते. आमच्या घरात मात्र बाईचे मौन हे तिच्या जन्मापासूनच संमतीपत्र धरलेले असते आणि ते कधी तपासले जात नाही. प्रल्हाद दुष्ट नाही. दुष्ट असता तर माझे काम सोपे होते. त्याला फक्त असे कधी वाटलेच नाही की या बाबतीत विचारण्यासारखे काही आहे.

तेवढ्यात महामार्गावरून एक बस गेली. सुमनने कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली, बस दिसेनाशी होईपर्यंत पाहिले आणि पुन्हा वाकली.

रविवारी मी घरी थांबू शकलो नाही. पांढरकवड्यात येऊन एका टपरीवर उगाच चहा घेत बसलो. तिथे एक गाडी थांबली, पाटी तेलंगणची. चालवणारा गृहस्थ खाली उतरला आणि मला हिंदीत टिपेश्वरच्या जंगलाचा रस्ता विचारू लागला. वाघ नक्की दिसेल का, असेही विचारले. शनिवार-रविवार आमच्याकडे अशा गाड्या येतात, हैदराबादहून, नागपुरातून. ज्या वाघाच्या धाकाने आमच्या बाया ओरडत वेचतात तो पाहायला लोक हौसेने येतात, याबद्दल माझी तक्रार नाही. पण गाडीत पुढच्या सीटवर त्याची बायको होती. सुमनच्याच वयाची असावी. काचेला डोके टेकून ती झोपलेली होती, तोंड किंचित उघडे, गळ्यावर ओढणी. मी मोठ्याने रस्ता सांगू लागलो तसा तो गृहस्थ बोटाने मला हळू बोलण्याची खूण करून म्हणाला, "सोने दीजिए मॅडम को, अभी टाइम है."

मी हळू आवाजात रस्ता सांगितला. डावीकडे वळा, पुढे विचारा. ती गाडी गेली. त्या बाईच्या घरी कोणते पीक असते आणि ते त्या दिवशी कोणी सांभाळले होते, मला माहीत नाही. ती आमच्या गावाला येऊन झोपली होती आणि तिला कोणी उठवत नव्हते, एवढे मी डोळ्यांनी पाहिले.

आता अन्यायाचा पुढचा भाग. सर्वसाधारण समज असा की न झालेल्या प्रवासाने कोणाचे काही बिघडत नाही. प्रत्यक्षात ज्यांनी प्रवास अडवला वा जड केला, तेच तो न झाल्यामुळे दुखावले गेले. दिगांबरचा फोन आला. "सुट्टी टाकली होती मी. मटन आनून ठेवलं होतं. यवढा काय गरीब झालो काय मी, का माह्या घरी यावं नाही वाटत?" सुमन त्याची समजूत घालत राहिली, शेत, बाया, सीतादही. त्याने ते लॉजच्या गोष्टीशी जोडले आणि मनात धरले. काकूने भिंतीवरून हात पुढे केला, "माहं माप दे बाई परत," आणि कित्येक दिवस त्या भिंतीवर तिचे डोके दिसले नाही. प्रल्हादचे म्हणणे वेगळेच. वहिनीचे मन शेतात नव्हते म्हणून पहिल्या वेचणीला कापूस हलका भरला, असे तो वंदनाला म्हणाल्याचे आमच्या कानावर आले. अशा रीतीने न गेलेली बाई सगळ्यांची गुन्हेगार ठरली.

यंदाच्या भाऊबीजेला दिगांबर आला नाही. काम निघाले, असा निरोप आला. सुमनने ताट करून ठेवले होते. दिवस मावळेपर्यंत ती दाराकडे पाहत होती. मग ताट घेऊन अंगणात गेली आणि भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसे तिने चंद्राला ओवाळले. चंद्र कोवळा होता, जिनिंगच्या धुरकट उजेडात धड दिसतही नव्हता. मी ओसरीत बसून होतो.

आणि आता पुन्हा बाभळी पांढऱ्या झाल्या. आमच्या शेतातही बोंडे तडकू लागली आहेत. सुमनने यंदा हैदराबादचे नाव काढलेले नाही. परवा ओसरी रिकामी करताना मीच विषय काढला.

"या वर्षी जाऊन येऊ."

"कुठं?"

"तुला माहीत आहे कुठे."

ती सुपातले पाखडत राहिली. "नाही जी. कोनाचं तोंड वाकडं करून मले नाही जाचं. गेल्या साली न जाता यवढं झालं, गेल्यावर काय होईन?"

"कोणाचे काही ऐकायचे नाही. सरळ निघायचे."

"तुमाले जमते थे. मले तिथं झोप नाही लागनार. दादा रुसला, काकू रुसली, प्रल्हादभाऊजी रुसले, हेच डोक्यात राहीन." मग तिने सूप खाली ठेवले. "सगळ्याइनं हासत जा म्हन्लं, तं जातो."

यात मला चुकीचे काही शोधता आले नाही. ती हट्ट करत नव्हती. जी झोप तिला हवी आहे ती लॉजवाला देऊ शकत नाही, मीही देऊ शकत नाही. ती या तीन माणसांच्या ताब्यात आहे.

रानडुकराने पीक खाल्ले तर भरपाई मागता येते. तसे अर्ज मी या हंगामात रोज लिहितो. कचेरीतल्या शिपायाला किरकोळ रजा असते, आजारी रजा असते, आणि ती नाकारली तर कारण द्यावे लागते. पण घरच्या बाईची एक सकाळ कोणी खाल्ली तर ती कोणत्या रकान्यात लिहायची, हे मला कोणताही सायब सांगू शकलेला नाही. एकाला मी विचारलेही. तो हसला. त्यात हसण्यासारखे काय होते ते त्याने सांगितले नाही. म्हणून हा मजकूर कोणत्याही कार्यालयाला उद्देशून नाही. तो ज्या तिघांना उद्देशून आहे त्यांतले दोघे मराठी वाचतात, आणि काकूला मी वाचून दाखवीन.

सबब, विनंती येणेप्रमाणे.

प्रल्हादने शेवंताबाईकडे जाऊन वेचणी सोमवारी ठेवता येईल काय ते विचारावे. तिचे उत्तर मला ठाऊक आहे, तरी त्याने स्वतःच्या तोंडाने विचारावे. सीतादहीला थोरलीचाच हात लागेल. तो सोमवारी, झोप झालेला असा लागेल. दिगांबरने हे समजून घ्यावे की लॉजवर उतरल्याने त्याची अप्रतिष्ठा होत नाही. त्याने बायकोला घेऊन लॉजवर आमच्याकडे चहाला यावे, तो चहा कोणी केला असेल ते तिथे विचारू नये, आणि पुढच्या भाऊबीजेला नेहमीसारखे घरी यावे. अनसूयाकाकूच्या बांगड्यांची जबाबदारी व्यक्तिशः माझी. तिला हैदराबाद दाखवण्याचा विषयही रास्त आहे. त्यावर स्वतंत्र विचार होईल, मात्र तो या फेरीत मिसळू नये.

आणि सर्वांना मिळून मागणे हे, की येत्या शुक्रवारच्या आत उत्तर द्यावे. ते लेखी नको. ते माझ्याकडेही देऊ नये. मी वाद घालीन आणि काम बिघडेल. सुमन सकाळी नळावर असते, दुपारी ओसरीत, आणि दिगांबरकडे तिचा नंबर आहे. तिच्यासमोर जाऊन, जमल्यास हसून, फक्त "जा" म्हणावे, आणि त्या शब्दाच्या पुढे दुसरा कोणताही शब्द जोडू नये, ही नम्र विनंती.